वाईट संगतीचा गुण

"तुमचे गुण सांगा," असं सर म्हणाले आणि कँटीनमध्ये परीक्षेच्या वर्गासारखी शांतता पसरली.

जालन्याच्या एमआयडीसीतली बियाण्याची कंपनी. त्या दिवशी जेवणाची टेबलं भिंतीला सरकवून सतरंज्या अंथरल्या होत्या. पुरुष एका बाजूला, आम्ही बाया दुसऱ्या. सर पुण्याहून आलेले, ट्रेनर. वयाने आमच्या धाकट्या दिराएवढे, घाम पुसायला सारखा रुमाल काढणारे. त्यांना विचारायचं होतं, तुमच्यात चांगलं काय आहे? आम्ही ऐकलं, शाळेत मार्क किती पडले? गुण हा शब्द आमच्यातल्या निम्म्या लोकांनी शेवटचा वाचला होता तो गुणपत्रिकेवर. तिथे तो कोणाशीच चांगला वागला नव्हता.

पॅकिंगमधला एक जण उभा राहिला. "दहावी नापास सर. पण मराठीत निघालो."

दुसरा म्हणाला, "आठवी. ढकलत ढकलत."

मी सातवी अर्ध्यावर सोडलेली. परीक्षेलाच बसले नाही, तर मार्क कुठले? मला वाटलं, आता कमी शिकलेल्यांना वेगळं काढतात. नोकरी गेली. मी घरी काय सांगायचं ते मनात जुळवायलाही लागले.

तेवढ्यात माझ्या शेजारची आष्टीवाली उठली. आष्टी हे तिचं माहेर, परतूर तालुक्यातलं, आणि जालन्यात लग्न होऊन येऊन इतकी वर्षं झाली तरी तिचं नाव तेच पडलेलं. "ओ सर," ती म्हणाली, "गुण पडलेले सांगायचे का अंगातले? अंगातले सांगितले तर माझी सासू इथं येऊन भांडून जाईल, मंग म्हणू नका."

सगळं कँटीन हसलं. सरही हसले. त्यांनी फळ्यावरचा 'गुण' पुसला आणि 'बलस्थान' लिहिलं. मागून कोणीतरी विचारलं, हे तालमीतलं का? मग त्यांनी तेही पुसलं आणि पुन्हा 'गुण' लिहिलं.

ही गोष्ट दोन हजार सालच्या आगेमागेची. कंपन्यांमध्ये तेव्हा असले वारे नुकते शिरत होते. आमच्या गेटवर पाटी होती, 'आधी माणूस, मग बियाणं', आणि मोठे साहेब ती नुसती शोभेला लावणाऱ्यांतले नव्हते. हे मी आधीच सांगते, कारण पुढे मी त्यांच्याशी जशी वागले ते ऐकून कोणी मला कृतघ्न म्हणेल. म्हणो बापडे.

मी कोकणातली, समुद्राच्या काठची. लग्न होऊन नवऱ्याबरोबर इथे आले, कारण त्याला सळ्यांच्या रोलिंग मिलमध्ये काम मिळालं. इथे समुद्र नाही, माडाचं झाड नाही, भात म्हणजे आजाऱ्याचं जेवण. माझं 'नाय' ऐकलं की लोक हसायचे. वर्षभरात नवऱ्याच्या पायावर तापलेली सळी आली आणि तो खाटेवर पडला. मी बियाण्याच्या कंपनीच्या गेटवर जाऊन उभी राहिले. माहेर इतकं लांब की रडायलासुद्धा जाता येत नव्हतं. मोठे साहेब जीपमधून उतरले, माझ्याकडे बघितलं आणि शाळा किती झाली हे न विचारता म्हणाले, "जेवलीस का?"

बस, एवढंच. त्या दोन शब्दांवर मी त्या कंपनीत राबले, आणि त्या दोन शब्दांनीच माझं तोंड पोत्याच्या तोंडासारखं शिवलं. कोणी काही बोललं तरी मी हो म्हणायचे. कधी कधी बोलायच्या आधीच हो म्हणायचे. मनात एकच भीती, उद्या गेटवर मला म्हणतील, बाई, चूक झाली, तुला घ्यायचं नव्हतं.

मला उगवण खोलीत टाकलं होतं. काम वाटतं सोपं. बाजारात जाणाऱ्या प्रत्येक मालातून थोडं बियाणं आमच्याकडे येतं. ओल्या जाड कागदावर दाणे ओळीने मांडायचे, वरून दुसरा कागद, आणि अंथरुणाची करतात तशी वळकटी करून उबेच्या कपाटात उभी ठेवायची. काही दिवसांनी उघडायची. कोंब चांगला आला तो एका बाजूला, वाकडा-लुळा आला तो दुसऱ्या, सडला तो तिसऱ्या. त्या मोजणीवर तो माल जातो की थांबतो हे ठरतं.

माझे हात थरथरायचे. वळकटी उघडताना मी कपाशीची कोवळी मुळं तोडून टाकायचे आणि चांगला कोंब लुळ्यांत जायचा. मग पुन्हा मोजायचे, पुन्हा चुकायचे. समोर आपा बसायची. जुन्या जालन्यातली, आमच्या सगळ्यांत वडील, कायम दम लागलेली. ती माझ्याकडे बघत बसली, आणि मग एक दिवस माझ्या हातातला चिमटाच काढून घेतला.

"पहले हात ठेव," ती म्हणाली.

"खय? कुठे?"

"कागजावर. दोन्ही. असे." तिने स्वतःचे दोन्ही तळवे ओल्या वळकटीवर टेकवले, तापल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसे. "आता बिस्मिल्ला म्हणायचं अन् मंग उघडायचं. तुला जे म्हणायचं ते म्हण. बीज कुठं पळून चाललंय? ते तर आता कुठं जागं होऊन राह्यलंय."

मला दुसरं काही सुचेना, म्हणून मीही तेच म्हटलं. ओल्या कागदाचा गारवा हातांत शिरला, हात थांबले, आणि वळकटी उघडली ती एकही मूळ न तुटता. त्यानंतर प्रत्येक वेळी हेच. सवयच लागली. आपा म्हणायची ते मोठ्याने, मी ओठांत. सकाळी आष्टीवाली खोलीत शिरताना जय भीम म्हणायची, आपा सलाम करायची, आणि मी दोघींकडे बघून नुसती हसायचे.

आपा कामात हुशार होती असं मी म्हणणार नाही. नव्हती. तिची नजर कमी झालेली, मोजता मोजता मध्येच ओळ सुटायची. तिचं मोजून झालं की आष्टीवाली ते पुन्हा बघायची आणि शिव्या घालत दुरुस्त करायची. "आपा, ह्या दोन मेलेल्यांना तुम्ही जित्यात बसवलं."

"राहू दे गं. उठतील बिचारे."

"उठतील कशाला, कयामत आल्ती का आज?"

आम्ही तिघी अशा हसायचो की उगवण खोलीचे साहेब काचेतून डोकावायचे. साहेब म्हणजे शिकलेला, सरळ माणूस. त्यांना सगळ्या गोष्टींचा तक्ता करायला आवडायचा आणि आमच्या हसण्याला तक्त्यात रकाना नव्हता.

तर ते ट्रेनर सर. माणूस मनाने चांगला होता. दर महिन्याला यायचे. म्हणायचे, आपण जन्मभर एकमेकांच्या चुका मोजतो, आता जरा गुण मोजू. दोषावर मेहनत घेऊन माणूस फार तर बरा होतो, गुणावर मेहनत घेतली तर मोठा होतो. मला हे आवडलं होतं, खोटं कशाला बोलू? एकेकीजवळ येऊन बसायचे, काय करताना वेळ कळत नाही ते विचारायचे. मला जन्मात कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मला भीती वाटते, म्हणून मी दोनदा बघते." ते म्हणाले, "ताई, ह्याला भीती म्हणू नका. हा काटेकोरपणा आहे." त्या दिवशी मी आरशात स्वतःकडे जरा जास्त वेळ बघितलं.

पण मग साहेबांनी त्याचा तक्ता केला.

मोठ्या साहेबांच्या खोलीत आम्हा तिघींना बोलावलं. मोठे साहेब, आमचे साहेब, ट्रेनर सर. सरांच्या हातात तीन बिल्ले, छातीला लावायचे, ज्याचा त्याचा गुण लिहिलेले. मला 'काटेकोर'. आष्टीवालीला 'संवाद'. आपाला 'सोशिक'. सरांनी हौसेने करून आणले होते, कडेला सोनेरी रेघ होती. आपाने तिचा लगेच पदराला लावला.

मग साहेबांनी सांगितलं, आता ज्याचा जो गुण, त्याला ते काम. आष्टीवाली बोलायला पटाईत, म्हणून ती नव्या जालन्यात स्टेशनजवळच्या ऑफिसात, शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकायला. मी काटेकोर, म्हणून मी उगवण खोलीची टीम लीडर, नव्या शिकलेल्या मुली हाताखाली येतील, वेगळी खुर्ची मिळेल. आणि आपा सोशिक, म्हणून तिला गोदामात.

गोदाम म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. औषध लावलेलं बियाणं तिथे पोत्यांत भरतात. गुलाबी धूळ पापण्यांवर बसते. तरणी माणसं फडकं बांधून काम करतात आणि संध्याकाळी खोकत घरी जातात. आपाचा दमा जिना चढताना ऐकू यायचा. गोदामात ती फार दिवस टिकली नसती. मग तिनेच हात जोडून नोकरी सोडली असती, कोणी काढलं असं झालंच नसतं. आणि साहेबांच्या मनात पाप नव्हतं, हेच तर अवघड होतं. त्यांनी तक्त्यात सोशिक वाचलं आणि सोसायची जागा शोधली.

"जी साहेब," आपा म्हणाली. ती सगळ्यालाच जी साहेब म्हणायची.

आष्टीवाली तोंड उघडणार होती. मोठ्या साहेबांनी हाताने तिला थांबवलं आणि माझ्याकडे वळले. "तू सांग. गेटवर उभी होतीस, आज लीडर झालीस. खूश ना?"

मी हो म्हणायलाच तोंड उघडलं होतं. देवाशपथ. खुर्ची मला हवी होती. माहेरी पत्रात लिहायला तेवढं तरी झालं असतं. पण तोंडातून आलं, "न्हाई."

माझं माहेरचं 'नाय' सुद्धा नव्हतं ते. इथलं होतं, आष्टीवालीचं. मलाच ते दुसऱ्या कोणी म्हटल्यासारखं ऐकू आलं.

"न्हाई म्हणजे?"

"हा गुण माझा न्हाई साहेब." एकदा शिवण उसवली की पोतं थांबत नाही. "मी आले तेव्हा माझे हात कसे हलायचे ते ह्या दोघींना विचारा. आपा समोर बसली, तिने हात धरला, म्हणून थांबले. आष्टीवाली मागून बघते, म्हणून माझी मोजणी बराबर येते. तुम्ही तिघींना तीन दिशांना पाठवणार आणि बिल्ला मला ठेवणार. बिल्ला राहील. गुण त्यांच्याबरोबर जाईल."

"असं कसं जाईल?" साहेब म्हणाले.

"ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला, असं म्हणतात ना? बियाण्याच्या कंपनीत वाण तुम्हाला मी काय शिकवू? वाण रक्तातला. गुण शेजारचा असतो. दावणीवरून ढवळ्या सोडून नेला तर पवळ्याने कोणाचा गुण घ्यायचा?"

"या अल्ला," आपा दचकून म्हणाली, "मला बैल म्हणून राह्यली ही!"

"ढवळ्या म्हंजे गोरा बैल, आपा," आष्टीवाली म्हणाली. "तारीफ करून राह्यली तुमची. घ्या गुपचूप."

ट्रेनर सर हसले. आमचे साहेब मात्र चिडले. "अहो बाई, ती म्हण वाईट संगतीसाठी आहे. अर्थ तरी माहीत करून घ्यायचा बोलण्याआधी."

कानशील तापलं. सातवी अर्ध्यावर सोडलेली बाई, तिला म्हणीचा अर्थ सांगायला शिकलेला माणूस. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी मान खाली घालून सॉरी म्हटलं असतं. त्यातून साहेबांचं बरोबरच होतं. ती म्हण वाईट संगतीचीच आहे.

मी म्हटलं, "मग वाईट संगत समजा साहेब. पण मी ती सोडणार न्हाई."

आमचे साहेब मोठ्या साहेबांना म्हणाले, "सर, ह्या आपाच्या मोजणीत चुका सापडतात. मी हवेत बोलत नाही."

"सापडतात ना," आष्टीवाली म्हणाली. "कुणाला सापडतात? आम्हालाच. सापडल्या की तिथंच निस्तरतो, तुमच्यापर्यंत येऊ देत न्हाई. अन् साहेब, राग मानू नका, गेटवर लिहिलंय आधी माणूस. दमेकरी धरून का सोडून, तेवढं पाटीवर लिहून टाका, म्हंजे आमची गडबड व्हायची न्हाई."

आपा तिचा पदर ओढत होती. "चूप गं, चूप."

ट्रेनर सरांनी रुमाल काढला, घाम पुसला. मग मला विचारलं, "ताई, आपांच्या ह्या गुणाला नाव काय द्यायचं?" टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच हवं होतं.

"नाव मला येत नाही सर," मी म्हटलं. "तिच्याशेजारी बसल्यावर आपल्यात जे येतं ते. आता ते कोणाच्या छातीला लावायचं ते तुम्ही बघा."

आणि मी माझा बिल्ला टेबलावर ठेवला. आष्टीवालीने तिचा त्यावर ठेवला. आपा क्षणभर घाबरून आमच्याकडे बघत राहिली. मग तिनेही पदराला लावलेला बिल्ला काढला. पिन निघेना, तर मीच तिला काढून दिली.

मोठ्या साहेबांनी तिन्ही बिल्ले गोळा करून बाजूला सारले. मला वाटलं, आता गेट. मनात मी भांडीकुंडी बांधलीसुद्धा. शेवटी ते म्हणाले, "तिघी जिथे आहात तिथेच राहा. पण लीडर तुला करता येणार नाही. लीडरला आमचंही ऐकावं लागतं."

"हो साहेब," मी म्हटलं. हे हो मात्र मनापासूनचं होतं.

खुर्ची दुसऱ्या विभागातल्या एका मुलीला मिळाली. चांगली होती पोरगी, तिच्यावर माझा राग नाही. पण मोठे साहेब समोरून आले की आता नुसती मान हलवायचे. जेवलीस का, हे विचारायचं त्यांनी सोडलं. ते मला लागलं, फार लागलं, खुर्चीपेक्षा जास्त. तरी एकदाही असं वाटलं नाही की माफी मागावी. उपकार मी विसरले नव्हते, आजही विसरले नाही. पण ज्या माणसाने मला जेवलीस का विचारून आत घेतलं, त्याच्याच दारात दुसऱ्या बाईला मी उपाशी कशी बाहेर जाऊ देणार? ते शिकवलं कोणी मला? त्यांनीच ना? गुण काय फक्त आपाचाच लागतो?

पुढच्या हंगामात एका दुपारी ते उगवण खोलीत आले. आम्ही तिघी वळकट्यांवर हात ठेवून बसलो होतो. उभे राहून बघत राहिले. जाताना दारातून म्हणाले, "जेवलात का?"

"जेवलो साहेब," मी म्हटलं. "तिघी."

आपा पुढे बरीच वर्षं त्याच स्टुलावर बसली. मग तिची तिनेच नोकरी सोडली, दिसेनासं झालं तेव्हा. शेवटच्या दिवशी जाताना आष्टीवालीने तिला म्हटलं, "चालली का ढवळ्या?" आणि आपा इतकी हसली की तिला दम लागला आणि पुन्हा खाली बसवावं लागलं.

त्यानंतरच्या मे महिन्यात मी माहेरी गेले. फार वर्षांनी. भावाच्या घरी फणसाच्या पानांच्या खोल्यांत, म्हणजे द्रोणांत, इडलीसारखं पीठ वाफवलं होतं. वहिनीने गरम पातेलं माझ्यापुढे ठेवलं, काढ म्हणाली. मी दोन्ही हात झाकणावर फडक्यासकट टेकवले आणि झाकण उचलण्याआधी तोंडातून निघून गेलं, "बिस्मिल्ला."

वहिनीचा हात थांबला. भावाने मान वर केली. "ह्या काय गो आणि? खयसून उचललंस?"

वहिनी हसली, पण बरं हसली नाही. "परमुलखात ऱ्हवली मा ती. वाण नाय पण गुण लागलो, दुसरा काय!"

एके काळी मी लाजले असते, चुकून निघालं म्हणाले असते. तिथे तसं म्हटलं असतं तर विषय मिटला असता. मी एक खोला उचलला, भावाच्या ताटात ठेवला, दुसरा वहिनीच्या.

"लागलो," मी म्हटलं. "बरो लागलो. जेवा आता, गार होता ता."